आरोपी फसली, सबब निर्दोष

पारखीकाकूंचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला कायम खाली ओढलेलं एक शटर, आणि मधे हे जुन्या सामानाचं भांडार. आत शिरलं की आधी पंखे लागत, मग खुर्च्या, मग कपाटं, आणि कपाटांच्या मागे कुठेतरी स्वतः काकू. कुणी घर बदललं, भावाभावांची वाटणी झाली किंवा नव्या सुनेला जुनं टेबल नकोसं झालं की सामान इथे येऊन पडे. ज्यांना नवं परवडत नसे ते तेच सामान घासाघीस करून घेऊन जात. त्या गल्लीत अशी आणखीही दुकानं होती, पण काकूंसारखी ऐट कुणाची नव्हती.

ऐट कशाची, तर आपल्या दुकानात आजवर चोरीचा माल आला नाही याची. कुणी काही विकायला आणलं की काकू ती वस्तू उचलून बघत, जराशी हलवत, मग आणणाऱ्याच्या डोळ्यांत बघत आणि निकाल देत. ठेवा, किंवा चालू पडा. हे कसं कळतं असं कुणी विचारलं तर त्या नुसत्या हसत, आणि ते हसू असं असे की विचारणाऱ्याला आपण शाळा अर्धवट सोडल्यासारखं वाटे. दारावर त्यांनी रंगाऱ्याकडून पाटी लिहून घेतली होती: ‘चोरीचा माल आणून स्वतःचा व आमचा वेळ वाया घालवू नये.’ गल्लीतल्या बाकीच्या जुन्या मालवाल्यांना ती पाटी फार खुपायची. तिचा अर्थ असा निघत होता की ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी शेजारी जावं.

घरातही तोच थाट. भाजी असो, डॉक्टर असो नाहीतर नणंदेचा होणारा जावई, काकूंनी पारखल्याशिवाय पुढे सरकत नसे. एकटे काकाच काय ते न पारखता आले होते, कारण लग्न वडिलांनी ठरवलं होतं. काका पोस्टमन. उभा जन्म दुसऱ्यांची पत्रं वाटण्यात गेला आणि स्वतःचं म्हणणं मात्र त्यांनी कधी कुणाच्या दारात नेऊन टाकलं नाही. आदल्या वर्षी ते निवृत्त झाले. तेव्हापासून दुकानामागच्या खोलीत बसून ते रेडिओ उघडत आणि पुन्हा बंद करत. रेडिओ दुरुस्त होत नसत, पण काकांचा दिवस जात असे.

अशा या दुकानात एका दुपारी हवालदार आला. सोबत बेड्या घातलेला एक माणूस होता. हवालदाराने विचारलं, कोणतं? त्या माणसाने हनुवटीने दर्शनी काचेकडे खूण केली. काचेत एक शिलाई मशीन होतं, तेलपाणी करून, वर स्वच्छ फडकं घालून, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं मांडलेलं. एका शिवणक्लासमधून ते चोरीला गेलं होतं. काकूंच्या पायाखालची वाळू सरकली, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. औषधवाला आणि इस्त्रीवाला पंच म्हणून बोलावले गेले. मशीनला दोरीने चिठ्ठी बांधली गेली. इस्त्रीवाल्याने सही करताना पाटीकडे एकदा बघितलं, हे काकूंच्या फार जिव्हारी लागलं.

चोर बिचारा सरळ होता. त्याने गुन्हा कबूल केला आणि तो आत गेला. काकूंवर वेगळा खटला उभा राहिला: चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना, तो जवळ बाळगला.

काकूंचा भाचा वकील होता. वकिली अजून नवी असल्याने फी न देणारा पक्षकारसुद्धा त्याला चालत होता, आणि मावशी म्हटल्यावर प्रश्नच मिटला. हवालदार मनाचा चांगला होता. त्याने आधीच सल्ला देऊन ठेवला होता की कशाला वर्षानुवर्षं खेटे घालता, कबूल म्हणा, थोडा दंड भरा आणि कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहा, संध्याकाळी घरी. बहुतेक लोक असंच करतात, हे खरंही होतं. पण भाच्याने त्यात मेख दाखवली. दंड छोटा असो की मोठा, ती शिक्षाच. आणि शिक्षा झाली की पालिका जुन्या मालाचा परवाना काढून घेते. परवाना गेला की दुकान गेलं.

दुकान गेलं तर काकू काय करणार, हा विचार कुणी केला नव्हता, कारण दुकानाशिवाय काकू असतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. काकूंनी स्वतः तो विचार एकदा केला आणि त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

“म्हणून मावशी, लढायचं,” भाचा म्हणाला. “सोपं आहे. कोर्टात एवढंच म्हणायचं, मला माहीत नव्हतं.”

“मला माहीत नाही असं होत नाही.”

“बरं. मग माहीत होतं?”

“मी काय चोर आहे का रे?”

“मग माहीत नव्हतं.”

“इतकी वर्षं धंदा करतेय मी. मला माहीत नव्हतं म्हणू?”

भाच्याने कपाळावर हात मारून घेतला. मग त्याने शांतपणे समजावलं की मावशी, कायद्यात दोनच खोल्या आहेत. एकीत लबाड बसतात, दुसरीत फसलेले. मधे पॅसेज नाही. काकू म्हणाल्या की मग हा कायदा कुणातरी अडाण्याने बांधलाय.

खरी गोम वेगळीच होती, आणि ती काकूंनी कुणालाच सांगितली नव्हती. मशीन घेऊन आलेला तो माणूस नीटनेटका होता, आवाज हळू. मशीनच्या लाकडी फळीवर काहीतरी खरवडून काढलेलं काकूंना दिसलं होतं. त्यांनी भुवई वर केली. तो म्हणाला, बायकोचा क्लास होता, ती गेली, तिचं नाव दिसलं की रडू येतं म्हणून खरवडलं. काकूंचा हात तरीही आखडलेलाच होता. तेव्हा तो म्हणाला की शेजारच्या दुकानांतही गेलो असतो काकू, पण तिथे विकलं तर लोक संशय घेतील, तुम्ही घेतलंत की कुणाची बोलायची टाप नाही, तुमची नजर म्हणजे शिक्काच. बस्स. काकू हरभऱ्याच्या झाडावर अशा सरसर चढल्या की खाली काय चाललंय ते दिसेना. त्यांनी मशीन घेतलं. त्याला चहा पाजला. वर, बायको गेली म्हणून दोन शब्द सांत्वनाचेही बोलल्या. त्यातला चहा त्यांना रात्री उशिरापर्यंत आठवे आणि त्या कूस बदलत राहत.

इकडे भाचा कामाला लागला. मावशी बोलत नसेल तर साक्षीदार बोलतील, असा त्याचा हिशेब. मावशी फसू शकते एवढंच दाखवायचं होतं. त्याने सहज दोघाचौघांना विचारलं, तर रांग लागली. काकूंच्या आजारपणातसुद्धा इतकी माणसं घरी फिरकली नव्हती. नणंद सगळ्यांत आधी आली. तिच्याकडे काकूंनी पारखून घेतलेल्या छत्रीची हकिगत होती, जी पहिल्याच पावसात रंगासकट वाहून गेली, आणि ज्याला काकूंनी पसंत केलं त्या जावयाची, जो अजून काही काम करत नव्हता. इस्त्रीवाल्याकडे एक कूलर होता, गरम हवा सोडणारा. औषधवाला म्हणाला की मला वेळ कमी आहे पण मुद्दे बरेच आहेत. भाच्याने ही बातमी मोठ्या आनंदाने मावशीला सांगितली. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, यांतला एकजरी कोर्टाची पायरी चढला तर मी तुझी मावशी नाही आणि तू माझा वकील नाहीस. नणंद पुढे कितीतरी दिवस रुसून होती. तिने नवी साडी काढून ठेवली होती.

तारीख आली. कोर्ट म्हणजे एक लांबट खोली, पंखा वरून कुरकुरत होता. बाहेरच्या बाकाच्या एका पायाखाली वीट होती आणि मधला माणूस उठला की कडेचे दोघे खाली झुकत. शिपाई दारात येऊन नावं पुकारत होता. एकेक जण आत जाई, कबूल म्हणे, दंड भरे आणि मागच्या बाकावर जाऊन बसे. तो बाक एव्हाना गच्च भरला होता. कुणी डुलक्या काढत होतं, कुणी शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रात डोकं घातलं होतं, आणि न्यायालयाची शिक्षा भोगत असलेली ही मंडळी दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी निवांत होती. त्याच बाकाच्या टोकाला थोडी जागा करून काका बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. काकूंनी त्यांना सोबतीला आणलं होतं, म्हणजे बाटली धरायला.

न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. सरकारी वकील सडपातळ, जरासा कंटाळलेला, पण कामाला पक्का. त्याने आधी शिवणक्लासवाल्या बाईंना उभं केलं. मशीन टेबलावर ठेवलेलं होतंच. बाईंनी फळीवरचा खरवडलेला भाग दाखवला. इथे माझ्या क्लासचं नाव होतं म्हणाल्या, आणि आपल्याच मशीनवरून त्यांनी असा हात फिरवला की काकूंना नजर दुसरीकडे वळवावी लागली. मग हवालदाराने मशीन कुठे सापडलं ते सांगितलं. मग सरकारी वकिलाने एक फोटो काढला. फोटो पाटीचा होता. त्याने ती पाटी मोठ्याने, सावकाश वाचली. मागच्या बाकावरचे डुलकी काढणारेसुद्धा जागे झाले.

तो म्हणाला की मॅडम, दुसऱ्या एखाद्या दुकानदाराने नाव खरवडलेलं मशीन घेतलं असतं तर मी समजू शकलो असतो. पण या बाई चोरीचा माल ओळखण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. त्यांची स्वतःची पाटी तसं सांगते. ज्यांना सगळं कळतं त्यांना एवढंच कसं कळलं नाही?

हा प्रश्न काकूंना इतका रास्त वाटला की त्यांनी मान डोलावली. भाच्याने डोळे मिटून घेतले.

मग आरोपीचा जबाब. न्यायाधीशबाईंनी विचारलं, मशीन तुमच्या दुकानात सापडलं हे खरं का? खरं, काकू म्हणाल्या. फळीवर खरवडलेलं दिसलं होतं का? भाचा मागून खोकला. दोघांनी मिळून याचं उत्तर आठवडाभर घोकलं होतं.

“न दिसायला काय झालं,” काकू म्हणाल्या. “मला दिसत नाही असं काही नसतं.”

“मग मशीन चोरीचं आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“वस्तू हातात घेतली की मला कळतं, मॅडम.”

“म्हणजे माहीत होतं.”

“तसं नाही.”

“म्हणजे माहीत नव्हतं?”

“तसंही नाही.”

टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. काय लिहू, असं त्यांनी नजरेनेच विचारलं. न्यायाधीशबाईंनी सांगितलं की लिहा, आरोपी म्हणते मला सांगता येत नाही. त्यावर काकू म्हणाल्या, सांगता येतं मॅडम, सांगायचं नाहीये. खोलीत खसखस पिकली. भाच्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. आरोपीने आपल्याच तोंडाने दुकानाला कुलूप घातलं होतं आणि किल्ली सरकारी वकिलाच्या हातात दिली होती.

बचावाचे साक्षीदार आहेत का, असं विचारणं हा नियम, म्हणून न्यायाधीशबाईंनी विचारलं. भाचा नाही म्हणायला उठला, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

“मी आहे.”

काकूंनी वळून बघितलं. आपला नवरा चारचौघांत उभा राहून बोलतोय हे त्यांना क्षणभर खरं वाटेना. पाण्याची बाटली शेजारच्या दंडवाल्याच्या हाती देऊन काका साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे निघालेही होते. भाच्याला काही कळत नव्हतं, पण बुडत्या माणसाला काय कळायचं असतं. त्याने लगेच साक्षीदार म्हणून काकांचं नाव दिलं. काकूंनी काकांवर डोळे वटारले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्या वटारण्याचा काही उपयोग झाला नाही.

काकांनी शपथ घेतली आणि एखाद्याच्या दारात उभं राहून बोलावं तसं साध्या आवाजात बोलायला लागले.

“मी पोस्टमन होतो. दारोदार जायचो. कुणाकडे चोरी झाली की पोलिसांच्या आधी मला कळायचं. माणसं दारात उभी राहून सांगायची, पंखा गेला, घड्याळ गेलं. मग कधीकधी काय व्हायचं, मी संध्याकाळी घरी यायचो आणि ते दुकानात असायचं.”

मागचा बाक हसला. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं.

“मग तुम्ही काय करायचात?”

“दुसऱ्या दिवशी टपालाबरोबर परत देऊन यायचो.”

“आणि घरी?”

“घरी सांगायचो, गिऱ्हाईक आलं होतं, घेऊन गेलं. गल्ल्यात माझ्या पगारातले पैसे टाकायचो. जरा जास्तच टाकायचो.”

“जास्त का?”

“चांगला भाव आला की ती खूश असायची, मॅडम. त्या संध्याकाळी घरात बरं वाटायचं.”

पिंजऱ्याच्या लाकडावर काकूंची बोटं घट्ट आवळली गेली. एक काळा पंखा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. तो घेतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी विकला गेला होता, आणि माझ्याकडे माल टिकत नाही असं त्यांनी गल्लीभर सांगितलं होतं. एक पितळी दिवा आला. एक झुलती खुर्ची आली, जिच्या सौद्यावरून त्यांनी शेजारच्या दुकानदाराला महिनाभर टोमणे मारले होते. कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं याचा राग आला. इतकी वर्षं हा माणूस समोर बसून जेवत होता. आमटी वाढून घेत होता, आणि काकू धंद्यातल्या खाचाखोचा सांगत असताना मान डोलावत होता. त्यांना त्याला तिथेच गदागदा हलवावंसं वाटलं.

सरकारी वकिलाचा कंटाळा आता पार गेला होता. मग हे मशीन का नाही परत केलंत, असं त्याने विचारलं.

“मी निवृत्त झालो ना,” काका म्हणाले. “आता घरीच असतो. कुणाकडे काय गेलं ते कळत नाही.”

एवढं बोलून ते थांबले, आणि ते वाक्य मशीनपेक्षा मोठं होतं हे काकूंच्या लक्षात आलं. पण विचार करायला सवड नव्हती. सरकारी वकील आता काकांच्या मागे लागला होता. म्हणजे चोरीचा माल आहे हे पक्कं माहीत असताना तुम्ही तो रात्रभर दुकानात ठेवत होतात? हो, काका म्हणाले. पोलिसांना कळवलं नाहीत? नाही. एकदा की अनेकदा? अनेकदा, मोजलं नाही. सरकारी वकील न्यायाधीशबाईंकडे वळला आणि म्हणाला की मॅडम, याची नोंद व्हावी. आरोपीला माहीत होतं की नाही हा वाद आहे, पण या साक्षीदाराला माहीत होतं यात वादच नाही. आज बायको पिंजऱ्यात आहे, उद्या यांनाही आणावं लागेल.

काकांनी मान हलवली, रजिस्टर पत्रावर सही घेऊन पुढच्या दारी निघावं तशी.

“त्यांचं काही लिहू नका,” काकू म्हणाल्या.

न्यायाधीशबाई म्हणाल्या की तुमचा जबाब झालाय, आता शांत राहा.

“माझा जबाब चुकलाय. तो नीट लिहून घ्या.” भाचा घाईघाईने उठला आणि त्याने परवानगी मागितली. ती मिळेपर्यंत काकू बोलायलाही लागल्या होत्या. “मला माहीत नव्हतं. खरवडलेलं दिसलं, तरी कळलं नाही. त्या मेल्याने माझी तारीफ केली. तुमची नजर म्हणजे शिक्का म्हणाला, आणि मी फसले. त्याला चहा पाजला मी. बायको मेली म्हणाला, तर त्याचं सांत्वन केलं. ती बायको असेल त्याची जिवंत, घरी बसलेली. असं सगळं झालं. आणि यांनी काही लपवून ठेवलेलं नाही. ठेवलं ते माझ्या दुकानात, आणि दुकान माझं आहे. मी आणत गेले आणि ते नेऊन देत गेले. त्यांना काय विचारता? शिक्षा द्यायची तर मला द्या.”

टाइप करणाऱ्या बाईंचे हात आता भराभर चालत होते. काकू थांबल्या आणि त्यांनी पदराने तोंड पुसलं. सरकारी वकिलाने फोटो पाकिटात घातला आणि मला आणखी काही विचारायचं नाही, असं म्हणून तो खाली बसला. तो हसतोय हे दिसू नये म्हणून त्याने रुमाल काढला होता.

निकाल दुपारच्या सुट्टीनंतर झाला. चोरीचं सामान आहे हे माहीत असताना कुणी ते दर्शनी काचेत मांडत नाही आणि चोराला बसवून चहा देत नाही, असं न्यायाधीशबाईंनी लिहिलं होतं. स्वतःची कीर्ती आणि स्वतःचं कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हेही लिहिलं होतं. ते वाचताना त्यांनी चष्मा काढला. आरोपी फसली हे शाबीत होते, सबब निर्दोष. मशीन शिवणक्लासवाल्या बाईंना परत. आणि काकांना उद्देशून त्या म्हणाल्या की मालकाला माल नेऊन देणं हा गुन्हा धरत नाही, पण यापुढे आधी पोलिसांना सांगत चला. काकांनी बरं म्हटलं. मागच्या बाकावरच्या शिक्षाभोग्या मंडळींनी काकांना बाटली परत केली, आणि त्यांतल्या एकाने त्यांच्याशी हातही मिळवला.

भाचा आनंदाने वेडा झाला होता. त्याला निकालाची प्रत हवी होती, म्हणून तो तिथेच थांबला. काका-काकू पायी निघाले. दुकान वाचलं होतं. आपल्या गल्लीत शिरल्यावर काकूंनी समोर बघतच विचारलं.

“तो काळा पंखा?”

“हो.”

“झुलती खुर्ची?”

“हो. ती फार जड होती.”

“आणि घड्याळ?”

काका थोडं चालले आणि मग जपून म्हणाले, “कोणतं?”

काकू थांबल्या. हसावं की रडावं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी आधी एक केलं आणि मग दुसरं, भर रस्त्यात, औषधवाला दुकानातून बघत असताना. काकांनी बाटलीचं झाकण उघडून ती त्यांच्यापुढे धरली. काकू पाणी प्यायल्या. मग नेहमीच्या आवाजात, म्हणजे हुकमाच्या, त्या म्हणाल्या, “उद्यापासून त्या खोलीत बसून राहायचं नाही. सकाळी उठायचं आणि जुन्या वाटेनं फिरून यायचं.”

“टपाल नाही, काही नाही. कशाला जाऊ?”

“टपाल नसलं म्हणून काय माणसं बोलायची राहिली? कुणाकडे काय गेलं, विचारून यायचं. आणि आल्यावर आधी मला सांगायचं. परस्पर काही द्यायचं नाही.”

काका बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बुटांना पॉलिश केलं आणि निघाले. लोक दारात येऊन विचारत होते, पत्र आहे का? काका म्हणत होते, पत्र नाही, सहज आलो. मग माणसं त्यांना बसवत, आणि गुडघेदुखीपासून हरवलेल्या मांजरापर्यंत सगळं सांगत. परत यायला त्यांना उशीर झाला. चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि निवृत्त झाल्यापासून काकूंनी त्यांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं. दुकानाच्या पायरीवर एक माणूस टेबलफॅन घेऊन बसला होता. काकूंनी त्याला कधीचं थांबवून ठेवलं होतं.

“काय गेलंय?” त्यांनी काकांना विचारलं.

“एक मांजर,” काका म्हणाले. “पंखा कुणाचा गेलेला नाही.”

तेव्हा कुठे काकूंनी टेबलफॅन आत घेतला.